खाणीतली भुते आणि हजेरीपटावरची माणसे

मसुरीला जाणाऱ्या प्रवाशाला हल्ली तीन गोष्टी हमखास दाखविल्या जातात. एक केम्प्टीचा धबधबा, दुसरे हाथीपाँवच्या बाजूचे सर जॉर्ज एव्हरेस्ट यांचे घर आणि तिसरी, दिवस कलल्यावर व आवाज जरासा खाली आणून सांगितली जाणारी, लांबी देहारची खाण. ही खाण चुनखडीची. ती ओस पडून बराच काळ लोटला. तिच्यासंबंधीची कथा मात्र वर्षागणिक वाढतच आहे. १९९० च्या सुमारास चुकीच्या पद्धतीने खोदकाम झाल्यामुळे येथे पन्नास हजार कामगार रक्त ओकत मेले. तेव्हापासून रात्री या दरीतून खोकल्याचे व विव्हळण्याचे आवाज येतात. डोंगरावर एक चेटकीण फिरते. खाणीजवळच्या वळणावर गाड्या आपोआप दरीकडे ओढल्या जातात, असे वाटाड्या सांगतो. वृत्तपत्रांच्या रविवार पुरवण्यांनी आणि दूरचित्रवाणीवरील कार्यक्रमांनी तेच पुनःपुन्हा सांगितले आहे. अभ्याससहलीला आलेले महाविद्यालयीन विद्यार्थीही चुनखडीच्या नमुन्याबरोबर हीच कथा परत घेऊन जातात, आणि बहुधा नमुन्यापेक्षा कथाच अधिक काळ टिकते.

भुते असतात की नसतात, हा येथे प्रश्न नाही. त्या वादात पडणाऱ्यांनी पडावे. प्रश्न आहे तो पन्नास हजार या आकड्याचा. भुताची गोष्ट ऐकताना आकडेमोड करावयाची नसते, असा एक संकेत आहे खरा. परंतु ज्या गोष्टीत माणसे मेल्याचे सांगितले जाते, तेथे तरी हा संकेत मोडावयास हरकत नसावी. २०११ च्या जनगणनेत संपूर्ण मसुरी शहराची लोकसंख्या तीस हजारांच्या थोडी पुढे होती. म्हणजे गोष्टीतल्या एका खाणीत मसुरी गावाच्या दीडपटीहून अधिक माणसे मेली, आणि गावाला त्याचा पत्ता वाटाड्याकडून लागला! पन्नास हजार कामकऱ्यांना माणशी अर्धा किलो धरले तरी रोज अडीचशे क्विंटल पीठ डोंगरावर चढवावे लागले असते. ते कोणत्या दुकानातून आले, कोणत्या चुलींवर शिजले, ही माणसे कोणत्या झोपड्यांत राहिली, याची एकही खूण त्या उतारावर नाही. बिहारमधील (आता झारखंडातील) चासनाला कोळसाखाणीत २७ डिसेंबर १९७५ रोजी पाणी शिरले आणि पावणेचारशेच्या आसपास कामगार बुडाले, तेव्हा सारा देश हादरला होता. १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेतील मृतांचा सरकारी आकडा काही हजारांचा आहे, व तो कमी दाखविला गेला असा आक्षेप आजवर घेतला जातो. त्यानंतर अवघ्या सहा वर्षांनी पन्नास हजार माणसे मेली असती, तर त्याची दखल केवळ चेटकिणीने घेतली असती काय?

आकडा खोटा म्हणून गोष्ट सोडून द्यावी, तर तेही बरोबर होणार नाही. कारण त्या डोंगरावर काहीतरी घडले होते. ते भुताच्या गोष्टीहून अधिक गंभीर होते, आणि त्याचा बराचसा भाग न्यायालयाच्या दप्तरात लिहून ठेवलेला आहे.

मसुरीच्या डोंगररांगांतील चुनखडी उत्तम प्रतीची समजली जाते. साखर कारखान्यांना रस स्वच्छ करण्यासाठी चुना लागतो. पोलाद, रसायने, बांधकाम या सर्वांना चुनखडी हवी. स्वातंत्र्यानंतर मागणी वाढली तसे दून खोऱ्यात खाणींचे पट्टे दिले गेले. खोदकाम उघड्यावरचे. डोंगराचा उतार सुरुंगाने फोडावयाचा, दगड वेगळा करावयाचा आणि उरलेला राडारोडा दरीत लोटून द्यावयाचा, अशी ही सोपी रीत होती. ती स्वस्त होती, याचे कारण तिच्या खर्चाचा मोठा भाग खाणमालकाच्या वहीत चढतच नव्हता. भेगाळलेली चुनखडी ही त्या डोंगराची पाण्याची टाकी. पावसाळ्यात मुरलेले पाणी ती वर्षभर झऱ्यांतून हळूहळू सोडते. चुनखडी उपसली की झरा आटतो. दरीत लोटलेला राडारोडा पहिल्या मोठ्या पावसात ओढ्यात उतरतो, नदीचे पात्र उथळ होते, पाटाची तोंडे बुजतात आणि खालच्या गावातील भातखाचर दगडगोट्यांनी भरते. टनामागे शासनाला स्वामित्वधन मिळाले, मालकाला नफा मिळाला, कारखान्याला स्वस्त चुना मिळाला. आणि झऱ्यावर घागर घेऊन गेलेल्या बाईला दोन मैल अधिक चालणे मिळाले. या शेवटच्या रकमेचा रकाना कोणत्याही ताळेबंदात नसतो. अर्थशास्त्राच्या क्रमिक पुस्तकात त्याला ‘बाह्य खर्च’ म्हणतात. ज्याच्या डोक्यावर तो पडतो त्याच्या दृष्टीने त्यात बाह्य असे काही नसते.

जुलै १९८३ मध्ये डेहराडूनच्या ‘रूरल लिटिगेशन अँड एन्टायटलमेंट केंद्र’ या संस्थेने सर्वोच्च न्यायालयाला तक्रारीचे पत्र धाडले. न्यायालयाने त्या पत्रालाच रिट अर्ज मानले. तज्ज्ञांच्या समित्या नेमल्या गेल्या, खाणींची वर्गवारी झाली आणि १२ मार्च १९८५ रोजी न्यायमूर्ती भगवती, सेन व रंगनाथ मिश्र यांच्या पीठाने सर्वांत घातक ठरलेल्या खाणी कायमच्या बंद करण्याचा आदेश दिला. पर्यावरण आणि विकास यांच्या संघर्षाचे अशा प्रकारचे हे देशातील पहिलेच प्रकरण आहे, असे न्यायालयानेच नमूद केले. १९८८ च्या अंतिम निर्णयाने आणखी खाणींना टाळे लागले. पुढे चालू ठेवण्याची मुभा मिळाली ती अवघ्या तीन खाणींना. आपल्याकडील पर्यावरणविषयक न्यायाचा इतिहास या डोंगरापासून सुरू होतो, असे म्हटल्यास ते अतिशयोक्तीचे होणार नाही. पण मसुरीच्या वाटाड्याला हे नाव विचारून पाहावे. त्याला चेटकीण माहीत असते. हा खटला माहीत नसतो. दोष त्याचा नाही. त्याला हे कोणी सांगितले नाही, आणि ज्यांनी सांगावयाचे त्यांनी तेथे साधा फलकही लावलेला नाही.

चेटकिणीचाच विषय निघाला आहे, तर या डोंगरांवर वावरलेल्या खऱ्या बायांबद्दलही लिहिले पाहिजे. न्यायालयाचे आदेश झाल्यावरही काही ठिकाणी दगड निघतच होता. सिंस्यारू खोऱ्यातील नाहीकला या गावच्या लोकांनी १९८६ साली खाणीकडे जाणाऱ्या वाटेवर ठाण मांडले, आणि त्यात बाया पुढे होत्या. आटलेले झरे आणि वाहून गेलेली शेते त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. मालमोटारी अडवून त्या महिनोन्‌महिने तेथे बसल्या. त्यांच्यावर हल्लेही झाले. चिपको आंदोलनाच्या इतिहासात या लढ्याचा उल्लेख येतो, परंतु सामान्य पर्यटकाच्या कानावर तो पडत नाही. डोंगरावरच्या वाटेत रात्री उभी राहणारी आणि गाड्या अडविणारी बाई लोककथेत चेटकीण होते, हे नुसते योगायोगाने घडले असेल. तरी त्या गावच्या म्हातारीने ही कथा ऐकली तर तिला काय वाटेल, याचा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

आता कामगारांकडे वळू. १९८५ च्या आदेशात न्यायालयाने एक गोष्ट स्पष्टपणे मान्य केली होती. खाणी बंद झाल्याने जे कामगार बेकार होतील, त्यांना त्याच भागातील वनीकरणाच्या व मृदसंधारणाच्या कामांत शक्य तितक्या प्रमाणात अग्रक्रमाने काम द्यावे, असे ते निर्देश होते. निर्णय न्याय्य होता, यात शंका नाही. डोंगर वाचविणे आवश्यकच होते. परंतु डोंगर वाचविण्याची पहिली किंमत खाणमालकाने दिली की रोजंदारीवरच्या सुरुंगवाल्याने, हा प्रश्न त्या न्याय्यतेने मिटत नाही. पट्टेदाराला दुसरीकडे पट्टा मागता येतो. न्यायालयाने त्याचाही विचार केला होता. रोजंदार माणसाजवळ मागण्यासाठी पट्टा नसतो, पुष्कळदा स्वतःच्या नावाची हजेरीची चिठ्ठीही नसते. मुकादमाच्या वहीत जो ‘टोळी नंबर तीन’ एवढाच असतो, त्याने अग्रक्रम मागावयाचा तो कोणत्या कागदाच्या जोरावर? पुढे त्या उतारांवर माजी सैनिकांच्या पर्यावरण दलाने झाडे लावली. हे दल १९८२ सालीच उभे राहिले होते, त्याचे काम नावाजण्यासारखे झाले आणि आज मसुरीचे डोंगर पुन्हा हिरवे दिसतात याचे पुष्कळ श्रेय त्याला आहे. पण ‘शक्य तितक्या प्रमाणात’ या तीन शब्दांचा हिशेब शासनाने लोकांपुढे मांडावयास हवा होता. किती जणांना शक्य झाले आणि किती जणांना झाले नाही? भुतांच्या गोष्टीने या प्रश्नाची मोठीच सोय करून ठेवली आहे. मेलेल्या माणसांच्या पुनर्वसनाची चौकशी कोणी करीत नाही.

आपल्याकडच्या जुन्या भुतांची रीत याहून वेगळी होती. कोकणात किंवा देशावर कोणत्याही गावी जावे, तेथल्या भुताला कूळ असते. मुंज झाल्यावर सोडमुंज होण्यापूर्वी जो मुलगा गेला त्याचा मुंजा होतो आणि तो पिंपळावर राहतो. धनाच्या हंड्यावर जीव अडकून मेलेला ब्राह्मण समंध होतो. बाळंतपणात गेलेली बाई हडळ किंवा आळवंत होते. कोणाची तरी इच्छा अपुरी राहिली आहे, कोणाचे तरी देणे थकले आहे, कोणाला तरी घरच्यांनी छळले आहे, हे त्या भुतावरून साऱ्या गावाला ठाऊक होते. बापूची आई विहिरीत का पडली, हे पोलीसपाटलाच्या कागदात नसले तरी तिच्या भुताच्या गोष्टीत असे. म्हणून गावकरी त्या भुताला नारळ देत, भात ठेवीत आणि क्वचित सुनेला छळणाऱ्या घराला त्या गोष्टीचा धाकही वाटे. भाबडेपणा त्यात होताच. अंधश्रद्धेने तेथेही निरपराध बायकांचे बळी घेतले आहेत, हे विसरून चालणार नाही. तथापि ती गोष्ट म्हणजे एक प्रकारची खातेवही होती. धनको कोण आणि ऋणको कोण, हे तीत नोंदविलेले असे.

लांबी देहारच्या भुतांना नाव नाही, गाव नाही, मागणे नाही. ती पन्नास हजार आहेत, एवढीच त्यांची ओळख. ज्याने त्यांना मारले त्याचेही नाव गोष्टीत नाही. ‘चुकीचे खोदकाम’ हा त्यातला एकमेव आरोपी. खोदकाम चुकीचे होते तर ते कोणी चुकविले, पट्टा कोणाचा होता, खाणसुरक्षेच्या नियमांप्रमाणे तपासणी करावयाची कोणी होती, यांतले काहीही भुते सांगत नाहीत. अशी भुते कोणालाच त्रासदायक नसतात. ती मालकाच्या घरी जात नाहीत, कचेरीत जात नाहीत. फक्त रात्री वाट चुकलेल्या पर्यटकाला दिसतात, आणि तोही मुळात त्याचसाठी आलेला असतो.

आणि तरीही त्या बनावट गोष्टीत एक शब्द खरा आहे. तो म्हणजे खोकला. दगड फोडणाऱ्याच्या छातीत काय होते, हे सांगण्यासाठी मसुरीला जावे लागत नाही. मध्य प्रदेशातील झाबुआ, अलीराजपूर व धार या जिल्ह्यांतील आदिवासी शेतकरी दुष्काळामुळे गुजरातेत गोध्र्याच्या बाजूला गारगोटी दळण्याच्या कारखान्यांत कामाला जात. गारगोटीची पांढरी, पिठासारखी धूळ नाकातोंडावाटे फुप्फुसात जाते, तेथे व्रण करते आणि श्वास हळूहळू बंद पाडते. या रोगाला सिलिकोसिस म्हणतात. त्यावर बरे करणारे औषध नाही. माणसे काही महिने काम करून गावी परतत आणि तिशीच्या आत मरत. क्षयरोग म्हणून त्यांची नोंद होई. प्रकरण राष्ट्रीय मानवी हक्क आयोगापुढे गेले, सर्वोच्च न्यायालयापुढे गेले आणि २०१६ साली न्यायालयाने २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी तीन लाख रुपये देण्याचा आदेश गुजरात शासनाला दिला. दोनशे अडतीस, हा आकडा पन्नास हजारांपुढे अगदीच लहान दिसतो. पण त्यातल्या प्रत्येक आकड्यामागे एक नाव, एक गाव, एक छातीचे छायाचित्र आणि एक विधवा आहे. अशी यादी तयार करण्यासाठी कार्यकर्त्यांना कित्येक वर्षे पाड्यापाड्यांतून फिरावे लागले. त्या कारखान्यांवर भुतांची एकही प्रसिद्ध गोष्ट नाही. तेथे पर्यटक जात नाहीत.

मसुरीच्या त्याच कड्यावर दुसरेही एक कामाचे ठिकाण ओस पडले होते, हे या संदर्भात लक्षात घेण्याजोगे आहे. सर जॉर्ज एव्हरेस्ट हे भारताचे सर्व्हेअर जनरल होते. १८३२ च्या सुमारास त्यांनी हाथीपाँवजवळील ‘पार्क’ ही मालमत्ता घेतली आणि १८४३ साली निवृत्त होईपर्यंत तेथून महात्रिकोणमितीय सर्वेक्षणाचे काम पाहिले. घराजवळच त्यांची वेधशाळा होती. पुढे ते घर पडीक झाले, भिंतींवर प्रेमिकांनी नावे कोरली, गुरे आत शिरू लागली. भुताच्या गोष्टीला याहून चांगली जागा कोणती असणार? पण अलीकडे उत्तराखंड शासनाने त्या वास्तूची डागडुजी केली, तेथे संग्रहालय केले, आणि आता तेथे सर्वेक्षणाचा इतिहास सांगितला जातो. हे योग्यच झाले. सर्वेक्षणाच्या कामात अर्ध्या टनाचा थिओडोलाइट डोंगरमाथ्यांवर वाहून नेणाऱ्या खलाशांचीही आठवण तेथे नीट ठेवली जावी, एवढीच अपेक्षा. तात्पर्य, ओसाड जागेचा इतिहास करावयाचा की भुताटकी, हे जागेवर अवलंबून नसते. साहेबाच्या घराचे संग्रहालय झाले. मजुराच्या खाणीला हडळ मिळाली. दोन्ही ठिकाणी जाण्याचा रस्ता एकच आहे.

भुतांच्या गोष्टींनी स्थानिकांना दोन पैसे मिळतात, तेव्हा त्यांच्या पोटावर पाय का द्यावा, असा एक युक्तिवाद केला जाईल. तो अगदीच टाकाऊ नाही. राजस्थानात जैसलमेरजवळ कुलधरा हे पालीवाल ब्राह्मणांचे ओसाड गाव आहे. तेथेही शापाची कथा विकली जाते आणि प्रवेशशुल्क आकारले जाते. पण कुलधऱ्याच्या कथेत निदान दिवाण सालिमसिंगाचे नाव आहे, त्याच्या जुलमाचा उल्लेख आहे. त्याच्या खंडणीखोरीमुळे पालीवालांनी मुलूख सोडल्याचे कर्नल टॉडनेही एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लिहून ठेवले आहे. तेथले भूत आपल्या अपराध्याला ओळखते. शिवाय पैशाचाच विचार करावयाचा तर, देशातील पहिला पर्यावरण खटला जेथे घडला, उघडाबोडका डोंगर जेथे माणसांनी पुन्हा हिरवा केला, ती जागा दिवसाउजेडी पाहण्यासही लोक येतील. त्यासाठी वाटाड्याला नवी गोष्ट शिकविण्याचा खर्च फारसा नाही. अंधारातल्या धंद्याला मात्र एक अडचण आहे. त्या वळणावरच्या अरुंद रस्त्यावर थरार अनुभवण्यासाठी तरुण मुले मध्यरात्री गाड्या नेतात. उद्या तेथे एखादा अपघात झाला, तर त्याचे खापर भुतावर फुटेल आणि कठडा पुन्हा एकदा राहून जाईल.

दून खोऱ्यात दरवर्षी विद्यापीठांच्या भूशास्त्र, भूगोल व वनशास्त्र विभागांची अभ्यासशिबिरे भरतात. दगडांचे थर मोजले जातात, झाडांची गणती होते, झऱ्यांची पाहणी होते. या शिबिरांत अर्थशास्त्र आणि इतिहास या विषयांच्या विद्यार्थ्यांनाही घ्यावे. १९८५ साली पंचविशीत असलेला खाणकामगार आज पासष्टीच्या पुढे गेला आहे. त्याचा मुकादम बहुधा हयात नाही. मुलांनी खालच्या वस्त्यांत, बाजारात, मालमोटारींच्या जुन्या तळांवर जाऊन त्यांना शोधावे. साधे प्रश्न विचारावेत. नाव काय, गाव कोणते, पहाडातले की मैदानी मुलखातले की नेपाळातून आलेले? रोज किती मिळत असे आणि तो आठवड्याला मिळे की महिन्याला? सुरुंग कोण लावीत असे, आणि बायकांकडे कोणते काम असे? कोण जखमी झाले, कोण मेले, आणि त्याच्या घरी काय पोहोचले? खाण बंद झाल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कोठे गेलात? झाडे लावण्याच्या कामावर कोणी बोलावले काय? आणि खोकला केव्हापासून आहे? जिल्हा कचेरीतील पट्ट्यांची दप्तरे, कामगार खात्याच्या नोंदी आणि न्यायालयाने नेमलेल्या समित्यांचे अहवाल यांच्याशी ही उत्तरे ताडून पाहावीत. खर्च फार येणार नाही. दोन शिबिरे व एक टंकलेखक एवढ्यात पहिली यादी तयार होईल. ती पन्नास हजारांची असणार नाही. काही शेकड्यांची, कदाचित काही डझनांचीच असेल. तिची एक प्रत खाणीच्या तोंडाशी, पावसात टिकेल अशा पत्र्यावर, हिंदीत लिहून लावावी, आणि दुसरी त्याच रस्त्यावरच्या संग्रहालयात ठेवावी.